तिला भाषणाला बोलावताय, तर तिचा खाडा भरा

मृगसर

ऊसपट्ट्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. महिला विकास कक्षाचं काम सात वर्षं माझ्याकडे आहे. ८ मार्च जवळ आला की रांगोळी, मेंदी, निबंध स्पर्धा आणि शेवटी एखाद्या कर्तबगार बाईंचं व्याख्यान, हे ठरलेलं. गेल्या वर्षी म्हटलं, आता हे बास.

कॉलेजपासून दीडेक किलोमीटरवर ऊसतोड मजुरांचा तळ पडतो. दिवाळी सरली की पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या दोनअडीचशे कोप्या उभ्या राहतात. आमच्या मुली रोज एसटीतून तो तळ बघत येतात. वर्गात विचारलं, तिथल्या एका तरी बाईचं नाव कुणाला माहीत आहे का? एकही हात वर झाला नाही. म्हणून कार्यक्रमाचा विषयच घेतला, ऊसतोड करणारी स्त्री: काम, शरीर, हक्क. वक्त्या तिघी. एक वकील, एक डॉक्टर आणि तळावरच्या एक मावशी.

मावशी दहाला यायच्या होत्या, पावणेबाराला आल्या. रात्री दोनला फडात, म्हणजे तोड चाललेल्या उसाच्या शेतात, ट्रक लागला, भरून व्हायला पाच वाजले. मग भाकरी, लेकरं, धुणं. त्यांनी माइक धरला तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुली त्यांच्या बोटांकडेच बघत होत्या. उसाच्या पात्यानं कापलेल्या केसासारख्या बारीक रेघा, आणि प्रत्येक रेघेत काळं बसलेलं. बारा मिनिटं बोलल्या. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये कसं चढायचं, पाळीच्या दिवसांत फडात आडोसा कुठे शोधायचा, सातव्या महिन्यात वाकता येत नाही तेव्हा गुडघ्यावर बसून कसं तोडायचं. सभागृहात कुणी हललं नाही. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फोटो झाले. पेपरात बातमी आली.

मला सांगायचंय ते यानंतरचं. चार दिवसांनी तळावर गेले. मावशी फडात होत्या, त्यांच्या सासूबाई भेटल्या. त्यांनी सांगितलं, त्या दिवसाचा खाडा पडला, म्हणजे गैरहजेरीचा दंड. तुमच्यापैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: एक कोयता म्हणजे नवराबायको दोघं मिळून. तो तोडतो, ती पाचट सोलते, मोळ्या बांधते, वाहते. ती नसेल तर तोही अर्धाच. मजूर आणणाऱ्या मुकादमानं अख्ख्या कोयत्याचा पाचशे रुपये खाडा लावला आणि तो उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या, हिशेबात चढवला. वर त्याच्या मोबाइलवर कुणीतरी आमच्या कार्यक्रमाचा फोटो पाठवलेला. 'भाषणं करायला आणलंय का तुम्हाला' म्हणून नवऱ्याला चारचौघांत बोल बसले.

वकीलबाईंना आणि डॉक्टरांना आम्ही प्रत्येकी दीड हजार मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च दिला होता. मावशींना शाल दिली. त्यांनाही मानधन द्यायला हवं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तिघीही त्यांना जे ठाऊक आहे तेच सांगायला आल्या होत्या ना? मग एकीचं ज्ञान पैशाच्या मोलाचं आणि दुसरीचं शालीच्या, हे मी कुठून शिकले?

म्हणून म्हणते, कष्टकरी बाईला कॉलेजात बोलवायचं तर आधी तिचा बुडणारा रोज मोजा, तो भरा, आणि त्यावर इतर पाहुण्यांना देता तेवढंच मानधन द्या. फोटो तिला विचारून. एवढं जमणार नसेल तर कार्यक्रम करू नका. तुमच्याकडे काय करतात?

जुना_हिशेबनीस

मृगसर ताई, मी तीस वर्षं महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखा सांभाळला. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर, पण अडचण कुठे येते ते सांगतो. मानधनाच्या व्हाउचरला पाहुण्यांचं पद लागतं, पॅन लागतो, बँक खातं लागतं. मावशींच्या नावापुढे पद काय लिहायचं इथेच क्लार्क अडतो. मग तो सोपा रस्ता काढतो, 'सत्कार साहित्य' या खात्यावर शाल-नारळ.

मार्ग आहे. कार्यक्रमाच्या मंजुरीच्या पत्रातच 'साधन व्यक्ती: ३' असं लिहून घ्या आणि तिघींना एकच दर ठेवा. पदाच्या रकान्यात 'ऊसतोड कामगार' लिहा, ते पदच आहे. रोख द्यायचे असतील तर महसुली तिकिटावर सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार पुरतात. लेखापरीक्षकानं असल्या व्हाउचरवर आक्षेप घेतलेला मी कधी पाहिला नाही. आक्षेप येईल या भीतीनं अडवलेली व्हाउचरं मात्र पुष्कळ पाहिली.

सह्यवारा

भावना समजली. पण कॉलेजचं काम शिकवणं आहे. मजुरांचे प्रश्न सोडवायला शासन आहे, महामंडळ आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं, टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेतले जातात, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं निघाली. आपण विद्यार्थ्यांना जाणीव करून दिली की आपलं काम संपलं, असं मला वाटतं.

बालाघाट

मी त्याच तळावरची आहे असं समजा. तळ दुसरा होता एवढंच. आईबाबांनी बावीस पट्टे, म्हणजे तोडीचे हंगाम, केले. मी आज एम.ए. करतेय.

सह्यवारा, जाणीव कुणाला करून देता? माझ्या वर्गात ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषणं झाली तेव्हा मी शेवटच्या बाकावर होते. भाषण करणारीला माहीतसुद्धा नव्हतं की एके काळी दर ऑक्टोबरात शाळा सोडून जाणारी आणि एप्रिलात परत येणारी मुलगी त्याच खोलीत बसलीय. मी सहावीपर्यंत दर वर्षी अशी अर्धीच शाळा केली. पुढे आजीपाशी राहिले म्हणून टिकले. माझी धाकटी बहीण राहिली नाही, कारण कोपीत तान्ह्या भावाला कुणीतरी सांभाळायला हवं होतं. तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. 'कोयता पूर्ण होतो' म्हणतात आमच्याकडे, लग्न झालं की जोडी तयार, उचल मिळते.

मृगसर मॅडम, तुमचं पटलं, पण माझं एक म्हणणं आहे. माझ्या आईला कुणी बोलावलं तर दुःख सांगायला बोलावतात. तिला ते आवडत नाही. ती म्हणते, 'रडगाणं गायला मी कशाला जाऊ? मला ऊस कळतो, ते विचारा की.' तिला खरंच कळतो. फडात शिरल्यावर पेरावर नख मारून सांगते की पक्व झालाय की नाही. जमिनीलगत वार कसा करायचा, कारण खालच्या कांड्यांत साखर जास्त, दोन बोटं वर तोडला तरी नुकसान. वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी कशी बांधायची, मोळी उसाच्याच पाल्यानं आवळताना गाठ कुठे मारायची म्हणजे डोक्यावर सुटत नाही. तिला महिला दिनाला बोलवू नका. कृषी विभागात बोलवा, कापणीच्या तासाला. मुलांना शिकवू द्या. मग मानधनाचा प्रश्न आपोआप सुटेल, कारण शिकवणाऱ्याला फुकट राबवायची लाज सगळ्यांना वाटते.

मृगसर

बालाघाट, तुझा प्रतिसाद तीन वेळा वाचला. विषयाचं नाव ठेवतानाच मी 'शरीर' हा शब्द घातला आणि 'कौशल्य' घातला नाही. कृषीच्या सहकाऱ्याशी आजच बोलते.

स्टेथो

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, मराठवाड्यात काम केलंय. 'शरीर' हा शब्द मात्र काढू नका, कौशल्यही ठेवा.

२०१९ साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय उघडा पडला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. दर सहा बायकांत एक. देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं होतं.

कॉलेजांत यावर भाषणं होतात तेव्हा 'पाळीचा खाडा पडू नये म्हणून बायका पिशवी काढतात' एवढं एकच वाक्य सांगून सोडून देतात. त्यातून सगळा दोष बाईच्या अंगावर येतो, किंवा फार तर मुकादमाच्या. प्रत्यक्षात माझ्यासमोर बसणारी बाई म्हणायची, अंगावरून पांढरं जातंय, कंबर मोडतेय, ओटीपोट दुखतंय. तळावर संडास नाही, धुवायला पुरेसं पाणी नाही, कपडा वाळवायला आडोसा नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग वारंवार. बाळंत होऊन महिना झाला नाही तोवर मोळ्या उचलल्या की अंग बाहेर येतं. यातल्या बऱ्याच गोष्टी औषधानं, विश्रांतीनं बऱ्या होतात. पण विश्रांती तिच्या हातात नाही आणि औषधाचा कोर्स पुरा करायला ती एका गावात राहत नाही. अशा वेळी कुणी 'पुढे कॅन्सर होईल, काढून टाका' म्हणालं की ती घाबरून कर्ज काढते. तिशीत पिशवी जाते, कधी बीजकोशही जातात, मग चाळिशीआधीच हाडं ठिसूळ होतात, छातीत धडधड, झोप नाही. आणि शस्त्रक्रियेचं कर्ज फेडायला पुन्हा उचल.

बीडमध्ये त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी राज्यांना निर्देश दिले, ते प्रकरण बिहार, छत्तीसगड, राजस्थानचं होतं. कॉलेजला खरंच काही करायचं असेल तर तळावर दोन फिरते संडास आणि एक पाण्याची टाकी यांच्यासाठी कारखान्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करा. माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा त्यानं जास्त गर्भाशयं वाचतील.

काळा_कोट

कायद्याचं थोडं. कार्यक्रमांतून 'स्थलांतरितांसाठी १९७९चा कायदा आहे' असं सर्रास सांगतात. तो आंतरराज्य स्थलांतरितांचा होता. बीडचा मजूर सांगली-कोल्हापूरला गेला तर राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून तो या कायद्यात बसतच नव्हता. तीच टोळी मुकादमानं बेळगावकडे नेली तर बसत होती, आणि मग विस्थापन भत्ता, प्रवास भत्ता हे हक्क कागदावर तरी होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या, हा कायदा त्यातल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत विलीन झाला. स्वतःहून गेलेला कामगारही आता व्याख्येत आला, ही चांगली गोष्ट. पण 'आंतरराज्य' हा शब्द राहिलाच. राज्यातल्या राज्यात सहा महिने घर सोडून राहणारी बाई अजून त्या व्याख्येबाहेर आहे.

दुसरं, लैंगिक छळाचं. २०१३ चा कायदा फडातल्या बाईलाही लागू आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तालुक्याला समन्वय अधिकारी नेमलेला असायला हवा, त्यानं सात दिवसांत तक्रार समितीकडे पाठवायची. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून देण्याची जबाबदारी समितीवर आहे. तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची, समितीला ही मुदत आणखी तीन महिने वाढवता येते. आता हिशेब करा, हंगाम पाच-सहा महिन्यांचा. डिसेंबरात काही घडलं आणि बाई पट्टा पडल्यावर एप्रिलात गावी जाऊन बोलायला धजावली, तर मूळ मुदत उलटलेली असते.

हा कायदा मुळात आला कुठून? राजस्थानातल्या भटेरी गावात बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवी या साथिनीवर, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर, १९९२ मध्ये बलात्कार झाला, त्यातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. गावात राबणाऱ्या बाईच्या लढ्यातून निघालेला कायदा ऑफिसातल्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये अडकून पडलाय. तुमच्या विद्यार्थ्यांना एकच काम द्या: आपल्या तालुक्याचा समन्वय अधिकारी कोण ते शोधा आणि त्यांचा फोन नंबर तळावर मोठ्या अक्षरांत लावा. हा शोध घेतानाच त्यांना समजेल काय ते.

वसतिगृह_२७

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्याकडे ऊस नाही, पण कॅम्पसवरच नवं वसतिगृह बांधलं जातंय. बायका घमेली वाहतात, बऱ्याच जणी मध्य प्रदेशातल्या आहेत, काही नांदेडकडच्या. मागच्या सत्रात आम्ही लिंगभाव या विषयावर तीन दिवसांचं शिबिर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मैत्रीण हात धुवायला गेली तर ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहातून शिपाई एका कामगार बाईला बाहेर काढत होता. ती म्हणत होती, 'भैया, बस दो मिनट.' साइटवरचा संडास ठेकेदारानं कुलूप लावून ठेवला होता, किल्ली मुकादमाकडे.

शिबिराचं तिसरं सत्र आम्ही सोडून दिलं आणि सगळे कुलसचिवांच्या दारात जाऊन बसलो. ओरडलो नाही, घोषणा नाही. दोन अर्ज दिले. एक, ग्रंथालयाचं स्वच्छतागृह कामगार स्त्रियांना खुलं करा. दोन, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीच्या फलकावर 'ठेकेदाराच्या कामगार स्त्रियाही तक्रार करू शकतात' हे मराठी आणि हिंदीत लिहा, कारण कायद्यात कर्मचारी म्हणजे ठेकेदारामार्फत आलेलेही. पहिला अर्ज त्याच संध्याकाळी मंजूर झाला. दुसऱ्याला सात आठवडे लागले. फलक लागलाय आता.

बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदार देत नाही. तिथे अडलोय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

काळा_कोट

ग्रामसेवक किंवा महापालिकेचा सक्षम अधिकारीही तो दाखला देऊ शकतो. व्यक्तिगत निरोप केलाय, कागद पाठवतो.

सह्यवारा

बालाघाट, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. माझं 'आपलं काम संपलं' हे वाक्य मी मागे घेतो. मी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे, दर वर्षी सात दिवसांचं निवासी शिबिर एखाद्या गावात घेतो, रस्ते झाडतो, भिंती रंगवतो. यंदा ते तळाशेजारी घेता येईल का, याची चौकशी सुरू केलीय. मुलांनी नेमकं काय करावं?

बालाघाट

सर, आभार. माझ्या अनुभवातून सांगते.

सगळ्यात आधी रेशन. कार्ड कुठल्याही दुकानात चालतं, गावी राहिलेल्या म्हातारीनं आपला वाटा तिकडे घ्यायचा आणि तळावरच्यांनी आपला इथे, तशी सोय आहे. पण यंत्रावर बायकांचा अंगठा उमटत नाही. उसानं रेषाच गेलेल्या असतात. दुकानदार 'पुढच्या महिन्यात या' म्हणतो. आईला मी डोळ्यांच्या स्कॅनवर घ्यायला लावलं तेव्हा धान्य मिळालं. हे करायला सोबत कुणीतरी शिकलेलं उभं असलं की दुकानदाराचा आवाज बदलतो. तुमची मुलं तेवढंच करू देत, रांगेत उभं राहायचं.

मग शिक्षण हमी कार्ड. गावच्या शाळेनं ते दिलं तर तळाजवळच्या शाळेत मुलाला त्याच वर्गात बसता येतं. निम्म्या पालकांना माहीत नसतं.

आणि उचलीचा हिशेब. हे नाजूक आहे, मुकादमाच्या देखत करू नका. बायकांना एक छोटी वही द्या, रोज किती टन भरले ते लिहायला. अक्षर येत नसेल तर रेघा. माझ्या आईची वही आहे, अकरा वर्षांची. रेघांचीच. त्या वहीवरून तिनं एकदा चार टनांचा फरक काढला होता.

जुना_हिशेबनीस

बालाघाट बेटा, ती वही जपून ठेव. हिशेब लिहिण्यात माझा जन्म गेला, अकरा वर्षं न चुकता लिहिलेली वही मी फार थोड्यांकडे पाहिली.

एक आठवण नोंदवतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिल १८९० ला मुंबईत दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरवली, त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या होत्या. मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. म्हणजे आपण रविवारी जो आराम करतो त्यात त्या दोघींच्या बोलण्याचा वाटा आहे. आणि ऊसतोड करणाऱ्या बाईला आजही आठवड्याची सुट्टी नाही.

मृगसर

उशिरा लिहितेय, माफ करा. या हंगामात काय झालं ते सांगते.

कार्यक्रम सभागृहात घेतला नाही, तळावर घेतला. वेळ रात्री साडेसात, कारण त्या वेळी चुली पेटलेल्या असतात आणि ट्रक बहुधा उशिरा लागतो. आमच्या बावीस मुली आणि नऊ मुलगे चुलींशेजारी बसले. व्यासपीठ नाही, फोटो नाहीत. वकीलबाई आल्या होत्या, त्या बोलल्या कमी आणि उत्तरं जास्त दिली. कारण प्रश्न बायकांनी विचारले. उचल घेतलेला नवरा वारला तर कर्ज माझ्या नावावर कसं? मोळी वाहताना पडले, पाय मोडला, खर्च कोणी द्यायचा? एकीनं विचारलं, 'मी दोन्ही हातांनी तोडते, माझा पैसा त्याच्याच हातात का मोजतात?' मुकादमाचा व्यवहार नवऱ्याशी, अंगठा नवऱ्याचा, कागदावर बाई नाहीच. यावर आमच्या कुणाकडे तयार उत्तर नव्हतं. वकीलबाईंनी ते लिहून घेतलं.

गेल्या वर्षीच्या मावशी याही वर्षी याच तळावर आल्यात. गेल्या वर्षीचं मानधन आणि खाड्याचे पाचशे मी त्यांना दिवाळीनंतर नेऊन दिले. त्यांनी पैसे मोजले, कनवटीला लावले आणि म्हणाल्या, 'बाई, फोटो तेवढा काढून टाकाया सांगा.' कॉलेजच्या पानावरून तो त्याच रात्री काढला. पेपरातला निघत नाही.

कृषीचा तास ठरला. बालाघाटच्या आई येणार आहेत, जाण्यायेण्याचं भाडं, दोघांच्या कोयत्याचा खाडा आणि तासिकेचं मानधन असं व्हाउचर मंजूर झालंय. पदाच्या रकान्यात 'ऊसतोड तज्ज्ञ' लिहिलंय, क्लार्कनं काही विचारलं नाही.

संडासांसाठी कारखान्याला तीन पत्रं गेलीत. दोन फिरते संडास आले, पाण्याची टाकी अजून नाही. येत्या शनिवारी पुन्हा तळावर बसणार आहोत, रेशनच्या अंगठ्यांची यादी करायला. जवळपासचं कुणी येणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा. येताना बॅटरी आणा, तळावर दिवे नाहीत.